थंड पाण्यातली उडी

नॉर्वे हा देश युरोपच्या पार उत्तरेला आहे. तिथे थंडी फार. डोंगरांच्या मधून समुद्र आत शिरतो आणि लांबच लांब खाडी होते. हार्डांगर नावाची अशीच एक खाडी आहे. तिथे २००३ साली एक शर्यत सुरू झाली. तिचे नाव नॉर्समन.

पहाटेचे पाच वाजलेले असतात. गाड्या वाहून नेणारी एक मोठी बोट खाडीत उभी असते. तिच्यावरून माणसे पाण्यात उड्या टाकतात. उडी चार मीटरची. आपली पोरे विहिरीत याहून उंचावरून सूर मारतात! पण आपल्या विहिरीचे पाणी अंगाला सोसते. त्या खाडीत बर्फ वितळलेले पाणी मिसळलेले असते. म्हणून अंगात घट्ट रबरी कपडा घालावा लागतो.

३.८ किलोमीटर पोहायचे. काठावर आले, की सायकल. ती १८० किलोमीटर हाणायची. सुरुवातीलाच थोरला घाट लागतो. वर वारा, धुके, कधी पाऊस. सायकल ठेवली, की ४२.२ किलोमीटर धावायचे. आधी तळ्याकाठचा सपाट रस्ता, मग नुसता चढ. शेवट डोंगराच्या माथ्यावर, १८५० मीटर उंचीवर. आपले कळसूबाईचे शिखर १६४६ मीटर आहे. आणि हे सगळे एकाच दिवसात!

"मास्तर, एवढं करून मिळतं काय हो?" एक सदरा. वेळेत पुढे आलेल्या पहिल्या १६० जणांनाच माथ्यावर जाऊ देतात. त्यांना काळा सदरा. बाकीच्यांची शर्यत खालीच संपते. त्यांना पांढरा. मला देवळाच्या पायऱ्या चढताना दम लागतो, तेव्हा पांढऱ्यालाही मी हात जोडतो.

पण या शर्यतीचा एक नियम मला फार आवडला. प्रत्येकाने आपला सोबती आणायचा. खाणे, पाणी, कोरडे कपडे त्याने गाडीतून पुरवायचे. शेवटच्या खडकाळ वाटेवर तर सोबती बरोबर चालावाच लागतो. दोघांच्या पाठीवर पिशव्या. आत गरम कपडे आणि खाऊ.

सोबती कशाला? दमलेल्या, भिजलेल्या माणसाच्या अंगातली ऊब भराभर जाते. आधी हुडहुडी भरते. मग बोलणे अडखळते, पाय लटपटतात. पुढे पुढे हुडहुडीही थांबते. माणसाला वाटते, बरे झाले. खरे तर तेव्हाच धोका मोठा असतो. त्याचे त्याला कळत नाही. शेजारच्यालाच ते दिसते.

पावसात दिवसभर भिजलेल्या गड्याचेही असे होते. त्याला आडोशाला न्यावे. ओले कपडे काढावे, कोरडी घोंगडी पांघरावी. शुद्धीत असेल आणि नीट गिळता येत असेल, तर गरम गोड चहा पाजावा. बोलणे अडखळत असेल, तर लगेच डॉक्टरकडे न्यावे. दारू मात्र देऊ नये. तिने गरम वाटते खरे, पण अंगातली ऊब उलट बाहेर जाते.