माहितीची साधने आणि गावाचा उत्कर्ष

उद्देश.— जमीन, पाणी व भांडवल यांप्रमाणेच माहिती हेही उत्पादनाचे साधन होय, आणि तिची वाटणी विषम झाल्यास विकासही विषम होतो, हे वरच्या इयत्तांतील विद्यार्थ्यांच्या ध्यानी आणून देणे.

विषयप्रवेश.— पाटाचे पाणी शेताच्या बांधालगत वाहते, एवढ्याने पीक भिजत नाही. ते वाफ्यात घ्यावे लागते. माहितीचेही तसेच आहे. मुळशी तालुक्यातील माण हे गाव याचे बोलके उदाहरण होय. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने हिंजवडी येथे वसविलेल्या राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यानाचा तिसरा टप्पा माणच्या शिवारात आहे. तेथील संगणकांवरचे काम सातासमुद्रांपलीकडील ग्राहकांसाठी चालते. तथापि शेजार लाभला म्हणजे लाभ झाला, असे नव्हे. त्या इमारतीत अभियंता म्हणून जाणारा आणि तिच्या फाटकावर पहारा करणारा यांच्या प्राप्तीतील अंतर बव्हंशी शिक्षणाच्या संधीतून पडलेले असते.

मुळशीस हा धडा नवा नाही. टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ साली येथे सत्याग्रह झाला व सेनापती बापट यांनी त्याचे नेतृत्व केले. अखेर धरण झाले. जमिनी येथल्या बुडाल्या आणि वीज मुंबईस गेली. साधन आपल्या भूमीवर असणे निराळे व ते आपल्या उपयोगी पडणे निराळे.

विवेचन.— राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीत (२०१७-१८) देशातील शहरी कुटुंबांपैकी सुमारे ४२ टक्के कुटुंबांना इंटरनेटची सोय असल्याचे आढळले. ग्रामीण कुटुंबांत हे प्रमाण सुमारे १५ टक्केच होते. संगणक शहरात शेकडा २३, तर खेड्यात शेकडा ४ कुटुंबांकडे होता. पुढे मोबाइल फोन खेडोपाडी पोहोचले; परंतु घरात फोन असणे म्हणजे तो मुलाच्या हाती असणे नव्हे. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा वडील फोन घेऊन कामावर गेले की अनेक घरांतील मुलांचा अभ्यासही थांबे.

या विषमतेचा परिणाम व्यवहारात दिसतो. ज्यास बाजारभाव ठाऊक नाही, तो व्यापारी सांगेल त्या भावास माल देतो. ज्यास आपला सातबारा स्वतः पाहता व वाचता येत नाही, तो मध्यस्थाच्या शब्दावर जमिनीचा सौदा करतो. जेथे जमिनीस मोठा भाव आला आहे, तेथे असे अज्ञान पिढ्यांचे नुकसान करते.

केवळ यंत्रे आणून मात्र हा प्रश्न सुटत नाही. १९९८ साली कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील ७० गावांत ‘वारणा’ प्रकल्पाद्वारे संगणक बसविण्यात आले. नाना प्रकारची माहिती पुरविण्याचा संकल्प होता. प्रत्यक्षात त्यांचा उपयोग मुख्यतः उसाच्या नोंदींपुरता राहिला. पुढे काही गावांत तेच काम साध्या मोबाइलवरील संदेशांनी होऊ शकते, असे प्रयोगाने दिसून आले. गरज ओळखून साधन निवडावे, हा त्याचा बोध.

शिक्षकांसाठी सूचना.—

१. शाळेतील संगणक कपाटात बंद ठेवू नये. प्रत्येक विद्यार्थ्यास, विशेषतः मुलींना, तो पाळीपाळीने स्वतः हाताळू द्यावा.

२. बाजारभाव, हवामानाचा अंदाज व सातबारा यांचे वाचन वर्गात करून घ्यावे.

३. मिळालेली माहिती कोणी दिली व ती खरी कशावरून, हे विचारण्याची सवय लावावी. गुप्त क्रमांक कोणासही न सांगण्याची समज द्यावी.

४. फोन नसलेल्या घरांतील मुलांची नोंद ठेवून, गृहपाठ त्यांना अडसर होणार नाही असा द्यावा.

स्वाध्याय.— (१) आपल्या गावात कोणती माहिती मिळविण्यासाठी पैसे मोजावे लागतात? (२) तीच माहिती विनामूल्य कोठे मिळू शकेल? (३) घरातील वडील मंडळींना ती वाचून दाखवा व त्यांना काय उपयोग झाला, ते पाच ओळींत लिहा.

मुलाने वाचलेला भाव ज्या दिवशी बापाच्या सौद्यास उपयोगी पडेल, त्या दिवशी हा पाठ खऱ्या अर्थाने पूर्ण झाला असे समजावे.