फार्मसीत शाखा निवडताना पगार कोण देणार ते आधी विचारा

फार्मसीत पुढे काय करावं, असं विचारणाऱ्या मुलांना महाविद्यालयांकडून ठरलेलं उत्तर मिळतं: आवडेल त्या शाखेत जा, स्कोप सगळीकडे आहे. हे खरं नाही, आणि सांगणाऱ्यांनाही ते माहीत असतं, याचाच मला जास्त राग आहे. मी फार्म.डी. केलं आहे आणि तो विषय मला आजही प्रिय आहे. तरीही माझं म्हणणं असं की आवडीचा प्रश्न दुसरा. या कामाचे पैसे कोण देणार आणि कशासाठी देणार, हा पहिला. ज्या कामावाचून कुणाचं तरी कायद्याने अडतं, तिथे जागा निघतात. ज्या कामाने रुग्णाचं भलं होतं पण कुणाचंच अडत नाही, तिथे कौतुक होतं आणि जागा मात्र निघत नाहीत.

फार्म.डी.चंच घ्या. फार्मसी कौन्सिलने 2008 मध्ये हा सहा वर्षांचा अभ्यासक्रम आणला. पाच वर्षं शिक्षण, सहावं वर्ष इंटर्नशिप. त्यात सहा महिने जनरल मेडिसिनमध्ये आणि दोन-दोन महिने आणखी तीन विभागांत. आखणी उत्तम आहे. वॉरफॅरिन चालू असलेल्या रुग्णाला मेट्रोनिडॅझोल दिलं की आयएनआर चढतो आणि रक्तस्रावाचा धोका वाढतो. किडनी अधू असलेल्या वयस्कर माणसाचा व्हँकोमायसिनचा डोस क्रिएटिनिन बघून बेतावा लागतो. राउंडच्या घाईत केस पेपरमधून नेमकं हे हेरायला हा अभ्यासक्रम शिकवतो. पण हे काम करणाऱ्या क्लिनिकल फार्मासिस्टचं पद कौन्सिलच्या व्यवसाय-नियमांत आलं ते 2021 च्या दुरुस्तीने. तोवर कितीतरी बॅचेस पास होऊन बाहेर पडल्या होत्या. शिवाय नियमात नाव आलं म्हणजे जागा निघाली असं नाही. सरकारी रुग्णालयात ती राज्याने मंजूर करावी लागते, खासगीत व्यवस्थापनाला पटावी लागते. व्यवस्थापनाला ती का पटत नाही, हे समजून घ्यायचं तर डिस्चार्जचं बिल वाचावं. बेड, नर्सिंग, डॉक्टरांची व्हिजिट, तपासण्या, औषधं, अगदी ग्लोव्हजचीही ओळ त्यात असते. डोसची चूक वेळेवर पकडली गेली, याचे पैसे लावायला त्या बिलात जागाच नाही. मग पोरं फार्माकोव्हिजिलन्स, मेडिकल कोडिंग, मेडिकल रायटिंग अशा कामांकडे वळतात. ती कामं वाईट नाहीत, पण त्यासाठी सहा वर्षं घालवायची गरज नव्हती.

उलट फार्माकोव्हिजिलन्समध्ये भरती का होते, ते पाहा. औषधाच्या गंभीर दुष्परिणामाची माहिती ठरलेल्या मुदतीत नियामकाकडे पोचवणं कंपनीवर बंधनकारक असतं. मुदत चुकली तर कंपनी अडचणीत येते. क्वालिटी ॲश्युरन्सचंही तसंच. तिथून सही झाल्याशिवाय बॅच बाजारात जात नाही, आणि औषधनिर्मितीच्या दर्जाचे नियम, म्हणजे सुधारित शेड्यूल एम, आल्यापासून लहान कारखान्यांनाही कागदपत्रांत ढिलाई परवडत नाही. काम रुक्ष असतं, शिफ्ट असते, बॅचच्या उत्पादन-नोंदीच्या (बीएमआर) पानापानावर सह्या तपासाव्या लागतात. पण पगार का मिळतो, याचं उत्तर स्पष्ट असतं.

फार्म.डी.च्या बाजूने सांगितलं जातं की क्लिनिकल फार्मसीचं क्षेत्र नवीन आहे, वाढेल, कुणीतरी आधी जायलाच हवं. वाढेल, हे मलाही मान्य आहे. मोठ्या शहरांतल्या काही मान्यताप्राप्त रुग्णालयांत चांगली पदं आजही आहेत. पण आधी जाणाऱ्याकडून फी मात्र पूर्ण घ्यायची आणि क्षेत्र वाढेपर्यंतचा भार त्याच्या घरच्यांनी सोसायचा, हा न्याय मला मान्य नाही. दुसरा आक्षेप परदेशाचा, आणि त्यात तथ्य आहे. अमेरिकेत फार्मासिस्ट व्हायचं तर भारतातला चार वर्षांचा बी.फार्म. पुरत नाही, फार्म.डी. चालतं. मात्र त्यानंतर परदेशी पदवीधरांची एफपीजीईई परीक्षा, इंग्रजीची परीक्षा, इंटर्नशिपचे तास, परवान्याची नॅपलेक्स परीक्षा आणि व्हिसा एवढं सगळं उरतं. त्याचा खर्च आणि वर्षं ॲडमिशनच्या वेळी कुणी मांडून दाखवत नाही. पदवीच्या नुसत्या जोरावर परदेश गाठता येईल असं भासवणं ही मुलांची फसवणूक आहे.

म्हणून ॲडमिशन घेण्याआधी महाविद्यालयाला मागच्या दोन बॅचेसची हुद्द्यांसकट यादी मागा. नुसत्या कंपन्यांच्या लोगोंवर समाधान मानू नका. ‘प्लेसमेंट’ म्हणून मिरवलेली नोकरी पुष्कळदा विक्रीची असते. संलग्न रुग्णालयात स्वतः जा आणि वॉर्डात विचारा: इथे पगारी क्लिनिकल फार्मासिस्ट किती? विद्यार्थ्याने शोधलेली चूक केस पेपरवर नोंदवली जाते, की त्याच्या वहीतच राहते? जे रुग्णालय आपल्याच महाविद्यालयाच्या पास झालेल्या मुलांना कामावर ठेवत नाही, ते बाहेरच्यांना ठेवायला सांगणार कोणत्या तोंडाने? इंटर्नशिपचा स्टायपेंड लेखी घ्या. एम.फार्म.ला जायचं असेल तर जीपॅट गांभीर्याने द्या, आणि फार्माकॉलॉजी घ्यायचं की फार्मास्युटिक्स, हे मित्र काय घेतोय यावरून ठरवू नका. इंग्रजी सुधारा, ते सगळीकडेच लागतं. आणि बारावीनंतर वॉर्डचं काम कितीही खुणावत असलं, तरी आधी बी.फार्म. करा. कारखाना, क्यूए, रेग्युलेटरी, औषध निरीक्षकाची परीक्षा हे मार्ग त्याने खुले राहतात. चार वर्षांनीही वॉर्डच हवासा वाटला, तर बी.फार्म.नंतरचं तीन वर्षांचं फार्म.डी. आहेच. एक वर्ष जास्त जातं, पण तोवर कोणती रुग्णालयं खरोखर माणसं घेतात, याची चौकशी स्वतः करायला पुरेसा वेळ मिळतो.