सात नव्या पैशांचा दावा

आमच्या सुर्ला गावात (तालुका डिचोली) वडिलांचे छोटेसे दुकान आहे. पहाटे पोदेराची सायकल येते आणि तिच्यापाठोपाठ वर्तमानपत्रांचा गठ्ठा येतो. कोणाकडे कोणता पेपर जातो आणि महिन्याचे किती होतात, हे वहीत लिहिण्याचे काम माझ्याकडे आहे. मागे एका पेपरचा दर एक रुपयाने वाढला, तेव्हा चाळीस गिऱ्हाइकांपैकी सहा जणांनी तो बंद केला. त्यांत माझे निवृत्त गुरुजीही होते. ते आता आमच्या बाकावर बसून पेपर वाचतात. वर्गात ‘मागणीची लवचीकता’ हा धडा चालू असताना मला फळ्यावरच्या आलेखाऐवजी गुरुजीच दिसत होते.

एका रुपयात एवढे काय असते, याचा शोध घेताना दोन वृत्तपत्रमालकांची ओळख झाली. एक पॅरिसचा, दुसरा पुण्याचा.

पॅरिसचा एमिल द जिरार्दां. त्याने १ जुलै १८३६ रोजी ‘ला प्रेस’ हे दैनिक सुरू केले. त्या वेळी तेथील दैनिकांची वार्षिक वर्गणी साधारण ८० फ्रँक होती. जिरार्दांने ती ४० फ्रँक ठेवली. त्याचा हिशेब सरळ होता. दर कमी केला की वाचक वाढतात, वाचक वाढले की जाहिरातदार येतात आणि वर्गणीतील तूट जाहिराती भरून काढतात. वाचक टिकावेत म्हणून त्याने कादंबऱ्या क्रमशः छापल्या. पहिल्याच वर्षी बाल्झाकची एक कादंबरी त्यात आली. जुन्या पत्रांना हा व्यवहार रुचला नाही. वादातून द्वंद्वयुद्ध झाले आणि त्याच जुलै महिन्यात ‘नॅशनल’ पत्राचा संपादक आर्मां कारेल जिरार्दांच्या गोळीने मरण पावला. पेपर स्वस्त केल्याच्या वादात माणसाचा जीव गेला, हे वाचून मी थक्क झालो.

पुण्याचे म्हणजे डॉ. नारायण भिकाजी तथा नानासाहेब परुळेकर (१८९७–१९७३). अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकून ते परतले आणि १ जानेवारी १९३२ रोजी त्यांनी ‘सकाळ’ सुरू केला. योगायोग असा, की त्यांच्या पत्नी शांताबाई मूळच्या फ्रेंच होत्या. मराठी वृत्तपत्र म्हणजे संपादकाचे मत, अशी तोवरची रीत होती. नानासाहेबांनी बातमीला पहिले स्थान दिले. गावोगावचे वार्ताहर, सोपी भाषा आणि सामान्य माणसाला परवडणारी किंमत हे त्यांचे भांडवल होते.

याच किमतीवरून त्यांचा केंद्र सरकारशी खटला झाला. वाणिज्याच्या विद्यार्थ्याने तो अवश्य अभ्यासावा. १९५६ च्या वृत्तपत्र (किंमत व पृष्ठे) कायद्याखाली सरकारने १९६० साली एक आदेश काढला. कोणत्या किमतीला किती पाने द्यावीत, हे त्यात ठरवून दिले होते. मोठ्या पत्रांनी कमी पैशांत जास्त पाने देऊन लहान पत्रांना बुडवू नये, असा सरकारचा हेतू सांगितला गेला.

त्या वेळी ‘सकाळ’ महाराष्ट्र व कर्नाटक मिळून रोज सुमारे ५२,००० प्रती खपत असल्याचे सांगत असे. अंकाची किंमत सात नवे पैसे होती आणि रविवार सोडून आठवड्याची पाने होती ३४. आदेशानुसार सात पैशांत २४ पानेच देता येणार होती. म्हणजे एक तर दहा पाने कापा, नाही तर किंमत आठ पैसे करा. पाने कापली तर मजकूर कमी होतो आणि किंमत वाढवली तर वाचक कमी होतात. कोणताही मार्ग घेतला तरी पत्राचा आवाज लहान होणार होता.

‘सकाळ’ सर्वोच्च न्यायालयात गेला. काही वाचकांनीही वेगळे अर्ज केले. २५ सप्टेंबर १९६१ रोजी न्या. मुधोळकर यांनी निकाल दिला. लिहिणे, छापणे आणि ते लोकांपर्यंत पोहोचवणे हे सारे घटनेच्या १९ व्या कलमातील भाषणस्वातंत्र्यातच येते. धंद्याचे नियमन करण्याच्या नावाखाली ते स्वातंत्र्य कमी करता येणार नाही, असा त्याचा सारांश आहे. आदेश रद्द झाला.

वाचकहो, लहान पत्रांची सरकारला वाटणारी चिंता मला अगदीच पोकळ वाटत नाही. जिरार्दांच्या युक्तीची दुसरी बाजूही आहे. छापील किंमत आणि खरा खर्च यांमधील फरक कोणीतरी भरतच असतो. आमच्या गोव्यात मुक्तीनंतर १९६२ साली ‘गोमंतक’ चौगुल्यांनी आणि १९६३ साली ‘नवहिंद टाइम्स’ धेंपोंनी काढला. ही दोन्ही घराणी खाण उद्योगातली, आणि माझे गाव खाणपट्ट्यातले. पुढे ‘गोमंतक’ सकाळ समूहाकडे आला. पेपर स्वस्तात हाती येतो तेव्हा उरलेले पैसे कोण देतो, हे वाचकाने स्वतःलाच विचारावे. मात्र त्यावर पाने मोजण्याचा अधिकार सरकारला देणे हा उपाय नव्हे. न्यायालयाचे हे म्हणणे मला पटते.

माझे आजोळ बेळगावकडचे. कन्नडमध्ये वर्तमानपत्राला ‘पत्रिके’ म्हणतात, तर मराठीत पत्रिका म्हटले की लग्नाची किंवा जन्माची. लहानपणी मामा ‘पत्रिके बंतु’ म्हणजे पत्रिका आली असे म्हणाले, की मी कोणाचे लग्न आहे म्हणून विचारायचो. आज वाटते, माझी चूक फार मोठी नव्हती. पत्रिका म्हणजे आमंत्रणच, आणि आमंत्रण जितके महाग तितके पाहुणे कमी.

हा निकाल मी गुरुजींना सांगितला. ते म्हणाले, “एका पैशासाठी दिल्लीपर्यंत गेले म्हणजे त्यांना आपले वाचक ठाऊक होते.” मग बाकावर बसून त्यांनी पेपरची घडी उघडली. वहीतून त्यांचे नाव मी अजून खोडलेले नाही.