डाळ मिलसाठी कर्ज घेताना खेळत्या भांडवलाचा हिशोब करा

तूर तशीच न विकता डाळ करून विकावी, या हेतूने अनेक गावांत लहान डाळ मिल उभ्या राहिल्या आहेत. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेली पीकेव्ही मिनी डाळ मिल याच कामाची आहे. मात्र यंत्र चांगले असूनही खरेदीला पैसा नसला, तर मिल बंद राहते. म्हणून कर्ज मागतानाच पुढील हिशोब करावा.

भांडवल किती लागते?
समजा, रोज ३ क्विंटल तूर भरडायची आहे आणि भाव क्विंटलला ७,००० रुपये आहे. रोजची खरेदी २१,००० रुपयांची झाली. तूर रोखीने घ्यावी लागते. पण भिजवण, वाळवण, भरडाई आणि दुकानदाराची उधारी धरून पैसे परत येण्यास ३० दिवस लागतात. म्हणजे ६ लाख ३० हजार रुपये सतत अडकून राहतात.
यावर सावकाराचे दरमहा शेकडा ३ रुपयांनी महिन्याला १८,९०० रुपये व्याज होते. बँकेचे द.सा.द.शे. ११ दराने ५,७७५ रुपये होते. हा फरक महिन्याच्या ९० क्विंटल तुरीवर क्विंटलमागे सुमारे १४६ रुपये पडतो. तेवढा नफा घरात येण्याआधीच जातो.

अनुदानावर विसंबू नये
२०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदान ठरले. स्वतःचा हिस्सा किमान १० टक्के लागतो. परंतु अनुदान रोख हाती पडत नाही. ते बँकेत वेगळे राहते आणि तीन वर्षांनंतर, कर्जखाते नियमित व उद्योग चालू असल्यास, कर्जात वळते होते. त्यातून तूर खरेदी होत नाही.

काय करावे?
१) यंत्राच्या मुदती कर्जाबरोबरच कॅश क्रेडिट मर्यादा मागावी. तुरीची आवक वाढण्यापूर्वी मंजुरी हाती असावी.
२) मर्यादा कमी मिळाल्यास सावकाराकडे न जाता इतरांची तूर मजुरीने भरडून द्यावी. यात खरेदीचा पैसा अडकत नाही.
३) विक्रीची रक्कम बँक खात्यातच भरावी. खात्यातील उलाढाल दिसली की मर्यादा वाढवून मागता येते.
४) खरेदी, विक्री व उधारीची वही रोज लिहावी. जुनी बाकी वसूल झाल्याशिवाय नवी उधारी देऊ नये.

अर्जापूर्वी योजनेच्या चालू अटी तालुका कृषी अधिकारी कार्यालयात विचारून घ्याव्यात.