नवजात बालकाचे कान आणि यंत्रमागांचा खडखडाट

गर्भातील बालकाला साधारणपणे पंचविसाव्या आठवड्यापासून आवाज ऐकू येऊ लागतात. त्या काळात आईचे शरीरच त्याच्या कानांवरचे आवरण असते आणि बाहेरचे कर्कश आवाज त्यातून बरेच गाळले जातात. जन्माबरोबर हे आवरण नाहीसे होते. अपुऱ्या दिवसांच्या बालकाच्या बाबतीत तर ते वेळेआधीच जाते.

अत्यवस्थ अर्भकाला हेलिकॉप्टरने मोठ्या रुग्णालयात नेताना हा प्रश्न प्रकर्षाने पुढे येतो. नवजात अतिदक्षता कक्षातील आवाज ४५ डेसिबलच्या आत असावा, अशी शिफारस अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९७ मध्ये केली. हेलिकॉप्टरमध्ये मात्र हा आवाज ८० ते १०० डेसिबल असतो. डेसिबलचे गणित फसवे आहे. दर १० डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दहापट होते, म्हणजे ४५ आणि ९५ यांतील अंतर एक लाख पटीचे ठरते! अशा आवाजाने अर्भकाची झोप मोडते, हृदयाचे ठोके बदलतात व रक्तातील प्राणवायू घटू शकतो. म्हणून अनेक ठिकाणी उड्डाणापूर्वी बालकाच्या कानांवर मऊ आच्छादने बसविली जातात.

भिवंडीतून ठाण्यास किंवा मुंबईस पाठविले जाणारे अर्भक बहुधा रस्त्यानेच जाते. रस्ता मोकळा असताना रुग्णवाहिकेचा भोंगा बंद ठेवणे, हे चालकाला सहज जमण्याजोगे आहे. परंतु भिवंडीचा खरा प्रश्न प्रवासाचा नसून घराचा आहे. साध्या यंत्रमागावर धोटा मिनिटाला शंभराहून अधिक वेळा ठोकरला जातो. असे अनेक माग एकत्र चालू असलेल्या शेडमधील आवाज ९० डेसिबलच्या पुढे जातो. प्रौढ कामगारासाठी आठ तासांची मर्यादाही ९० डेसिबलच आहे. शहरात आणि शेलार, खोणी यांसारख्या लगतच्या गावांत कित्येक कुटुंबे मागाला लागूनच राहतात. भिंतीमुळे आवाज कमी होतो हे खरे, पण हवाई प्रवास तास-दोन तासांचा असतो, तर पाळणा तेथे महिनोन्‌महिने असतो.

कानात कापूस घालणे हा यावरचा उपाय नव्हे, त्याने आवाज फारसा अडत नाही. पाळणा मागाच्या भिंतीपासून सर्वांत दूरच्या खोलीत हलवावा, तिकडचे दार-झरोके बंद ठेवावेत आणि बाळाला मांडीवर घेऊन आईने शेडमध्ये काम करू नये. कमी वजनाची, तीव्र काविळीची किंवा जेंटामायसिनसारखी औषधे घ्यावी लागलेली बालके अधिक जपावी लागतात, कारण त्यांच्या श्रवणशक्तीला आधीच धोका असतो.

अशा घरांत बहिरेपणा लपून राहतो. खडखडाटात मूल दचकले नाही तर ‘सवय झाली’ असे म्हटले जाते. म्हणून आशा कार्यकर्ती व अंगणवाडी सेविका यांनी माग बंद असताना भेट द्यावी आणि बाळाच्या नजरेआड टाळी वाजवून पाहावी. सहा महिन्यांचे मूल आवाजाच्या दिशेने मान वळविते. अर्थात टाळी म्हणजे तपासणी नव्हे. यंत्राद्वारे श्रवणचाचणी पहिल्या महिन्यात, निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत आणि उपचार सहाव्या महिन्यापर्यंत सुरू व्हावेत, असा संकेत आहे. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाचा समावेश आहे. पुढील तपासणीसाठी वांद्रे येथे १९८३ मध्ये स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था भिवंडीकरांना जवळच आहे.