पहिला श्वास आणि पुढची वर्षे

जमाखर्चाच्या पानांसोबत एका वैद्यकीय विषयाची सोप्या शब्दांत ओळख करून द्यावी, या हेतूने आम्ही येथे जन्मवेळी बाळाला प्राणवायू कमी पडणे हा विषय घेतला आहे.

दहा नवजात बालकांपैकी साधारण एकाला श्वास सुरू होण्यासाठी मदत लागते. बहुतेकांना कोरडे पुसणे, ऊब देणे व पाठ चोळणे पुरते. काहींना पहिल्या मिनिटातच मास्क व अंबू बॅगने श्वास द्यावा लागतो. प्राणवायू अधिक काळ खंडित राहिल्यास मेंदूला इजा होते आणि पहिल्या एक-दोन दिवसांत झटके येऊ शकतात. उशिरा रडलेल्या प्रत्येक बाळाला पुढे फेफरे येतेच असे नाही. मात्र ज्यांना तेव्हा झटके आले, त्यांना पुढील धोका अधिक असतो.

अशा बाळाचे शरीर 72 तास 33 ते 34 अंश सेल्सिअसवर ठेवण्याची पद्धत प्रगत देशांत उपयुक्त ठरली. तेव्हा असे यंत्र आपणही घ्यावे, असे देणगीदारांस वाटणे स्वाभाविक आहे. परंतु भारत, श्रीलंका व बांगलादेशातील 408 बालकांवरील ‘हेलिक्स’ अभ्यासात मृत्यू वा गंभीर अपंगत्वाचे प्रमाण घटले नाही. उलट थंडावा दिलेल्या गटात मृत्यू अधिक झाले. आपल्याच मध्य रेल्वे मार्गावरील शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयाचाही त्यात सहभाग होता. निष्कर्ष 2021 मध्ये प्रसिद्ध झाले.

यातून आम्ही घेतलेला बोध असा, की खर्चाचा पहिला मान प्रसूतिगृहातील प्रशिक्षित परिचारिकेला आणि दुसरा नियमित पाठपुराव्याला द्यावा.

पाठपुराव्यात घरच्यांचा वाटा मोठा आहे. साधारण तीन ते बारा महिन्यांच्या वयात बाळ झोपेतून उठताच दचकल्यासारखे हात पसरून, मान वाकवून पुन्हा पुन्हा झटके देऊ लागले, तर ‘पोटात दुखत असेल’ म्हणून थांबू नये. हा अपस्माराचा गंभीर प्रकार असू शकतो. उपचार जितके लवकर सुरू होतील, तितकी बाळाच्या विकासाची आशा अधिक. शक्य असल्यास झटक्यांचे मोबाइलवर चित्रण करून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

ठाणे असो वा कल्याण-डोंबिवली, घर बदलले, डॉक्टर बदलले, तरी जन्मवेळचे कागद जपून ठेवावेत, ही पालकांना आमची नम्र विनंती.