समुद्राला विचारून

दिवाळीची सुट्टी जवळ आली, म्हणजे मुंबईतील मुलांच्या मनाला कोकणाची ओढ लागते. त्या वर्षी आम्हा पाच मित्रांनाही ती लागली. आमच्यापैकी दोघे गिरगावातील, एक दादरचा, एक परळचा आणि एक लालबागचा. लालबागच्या मित्राचे काका मोटार चालवण्यात मोठे वाकबगार. किनाऱ्याकिनाऱ्याने हरिहरेश्वरापर्यंत आम्हांला नेण्याचे त्यांनी कबूल केले; मात्र एक अट घातली. ते म्हणाले, "प्रवासाची आखणी तुम्हीच करायची. कोठे, केव्हा आणि किती वेळ, हे सारे कागदावर लिहून आणा."

एका रविवारी आमच्या चाळीच्या गॅलरीत आम्ही रायगड जिल्ह्याचा नकाशा पसरला. मुंबईहून पेणमार्गे अलिबाग सुमारे १०० किलोमीटर पडते. परंतु मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मोटारीसह माणसांना मांडव्यास नेणारी मोठी बोट सुरू झाली आहे. ती सुमारे तासाभरात पलीकडे पोहोचते. तेव्हा बोटीनेच जावे, असे ठरले. पुढे अलिबाग, रेवदंडा, काशीद, मुरूड आणि आगरदांडा. तेथे खाडी आडवी येते. कोकणातील काही मोठ्या खाड्या मोटारीसह जंगारातून ओलांडाव्या लागतात. जंगार म्हणजे सपाट तळाची मोठी नौका. आगरदांड्याहून जंगाराने दिघी गाठायची, मग दिवेआगर, बाळाजी विश्वनाथ पेशव्यांचे श्रीवर्धन आणि शेवटी हरिहरेश्वर. चांदण्यात समुद्र पाहावयास मिळावा, म्हणून कार्तिक शुद्ध चतुर्दशीस निघावे, असेही आम्ही ठरवले. "पहिल्या दिवशी सकाळी ११ वाजता: अलिबागचा कुलाबा किल्ला," असे मी मोठ्या दिमाखाने लिहिले.

आजोबा आरामखुर्चीत बसून आमची गडबड ऐकत होते. त्यांचे बालपण अलिबागेस गेलेले. कागद हाती घेऊन ते हसले व म्हणाले, "बाळांनो, काकांना विचारलेत, नकाशाला विचारलेत; पण समुद्राला विचारायचे राहिले की!"

आम्ही एकमेकांकडे पाहू लागलो. आजोबा सांगू लागले, "कुलाबा किल्ला भर समुद्रात आहे. १६८० साली शिवाजी महाराजांनी तो बांधावयास घेतला आणि पुढे कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचे ते बळकट ठाणे झाले. ओहोटी असली, की किनाऱ्यावरून तेथे पायी जाता येते. भरती आली, की वाट पाण्याखाली जाते. चतुर्दशीच्या अकरा वाजता तुम्हांला वाट दिसायची नाही, नुसत्या लाटा दिसतील."

"पण आजोबा, हे येथे गिरगावात बसून तुम्हांला कसे कळले?" दादरच्या मित्राने विचारले.

"भिंतीवरची दिनदर्शिका पाहून. आपल्या किनाऱ्यावरील कोळी बांधवांचा एक जुना हिशेब आहे. तिथीचा आकडा घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी. जे उत्तर येईल, तितक्या वाजता भरती. चतुर्दशी म्हणजे चौदा. चौदाची पाऊणपट किती?"

"साडेदहा!" परळचा मित्र उद्गारला.

"म्हणजे साडेदहाच्या सुमारास पूर्ण भरती. त्यानंतर सहा तास आणि काही मिनिटांनी ओहोटी. चंद्राच्या आकर्षणाने समुद्राचे पाणी चढते आणि उतरते. चंद्र रोज आकाशात थोडा पुढे सरकतो, म्हणून भरतीही रोज सुमारे पाऊण तास उशिरा येते. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास सूर्य आणि चंद्र यांचे बळ एकवटते. पाणी फार चढते, तसेच फार उतरतेही. त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास चढउतार कमी, तो भांग. मात्र हा हिशेब अंदाजाचा आहे, त्यात अर्ध्यापाऊण तासाची चूक पडू शकते. नेमकी वेळ छापील कोष्टकातून पाहावी, आणि किनाऱ्यावरच्या जाणत्या माणसाला विचारल्यावाचून पाण्यात पाऊल टाकू नये."

आम्ही लगेच कागद पालटला. चतुर्दशीची ओहोटी पाचच्या आसपास. म्हणून सकाळी कान्होजींची समाधी पाहावी, साडेतीनला किल्ल्याकडे निघावे आणि साडेपाचच्या आत परतावे. दुसऱ्या दिवशी राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिरा पाहावा आणि मग खाडी ओलांडावी. हरिहरेश्वराची प्रदक्षिणेची वाट समुद्रकाठच्या खडकांवरून जाते. तेथे भरतीच्या लाटांचा मोठा धोका असतो. तिसऱ्या दिवशी भरती दुपारी बाराच्या पुढे, अर्थात ओहोटी पहाटे सहाच्या सुमारास. तेव्हा प्रदक्षिणा उजाडताच करावी, असे ठरले. मग माणगावमार्गे मुंबई.

आखणी झाली, पण नवीच अडचण उभी राहिली. लालबागच्या मित्राची आजी म्हणाली, "मुलाला बोटीने धाडणार नाही." तिचा नकार ऐकून मित्राचे डोळे भरून आले. कारण विचारण्याचे धैर्य आम्हांला होईना. ते आजोबांनी सांगितले.

१७ जुलै १९४७ च्या सकाळी 'रामदास' ही बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. आषाढ अमावास्या जवळ आली होती. गावी जाणाऱ्या माणसांनी बोट गच्च भरली होती. काशाच्या खडकाजवळ वादळी वाऱ्यात ती कलंडली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. गिरगाव-परळच्या कितीतरी घरांवर त्या दिवशी आकाश कोसळले. त्या बोटीत आजींचे थोरले बंधू होते.

सायंकाळी आम्ही सारे आजींकडे गेलो. आजोबाही काठी टेकीत आले. आम्ही कागद त्यांच्यापुढे ठेवला. आम्ही पावसाळ्यात नव्हे, कार्तिकात जाणार आहोत. भर पावसाळ्यात मांडव्याच्या लहान बोटी आता बंदच ठेवतात. होडीत बसताना प्रत्येक जण जीवरक्षक जाकीट घालील. आणि जागोजागीची भरती-ओहोटी आम्ही लिहून घेतली आहे, हे सारे एकेक करून सांगितले. आजींनी कागद डोळ्यांजवळ धरून पाहिला. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी विचारले, "हे सगळे खरे. पण खेळात रमलात म्हणजे परत फिरायची आठवण कोण करणार?"

याचे उत्तर आमच्या कागदावर नव्हते. क्षणभर थांबून त्यांचा नातू म्हणाला, "मी करीन, आजी. मी शिटी वाजवली, की कोणीही एक पाऊल पुढे टाकायचे नाही."

"मग जा," आजी म्हणाल्या आणि त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

चतुर्दशीस आम्ही निघालो. अलिबागेस एका कोळीदादांना विचारून किल्ल्याकडे चालू लागलो. ओल्या वाळूत आमची पावले उमटत होती. किल्ल्यातील सिद्धिविनायकाचे दर्शन घेतले, खाऱ्या समुद्रात असूनही गोड पाण्याची असलेली विहीर पाहिली आणि तटावर चढलो. मावळतीचा सूर्य पाण्यावर सोने पसरीत होता. तेवढ्यात शिटी वाजली. "सूर्य बुडेपर्यंत थांबू या ना!" मीच म्हणालो. मित्र काहीच बोलला नाही. त्याने पुन्हा शिटी वाजवली. आम्ही मुकाट्याने खाली उतरलो.

किनाऱ्यावर पोहोचून काही वेळाने मागे वळून पाहिले, तो आमच्या पावलांच्या खुणांवरून पाणी सरकू लागले होते. थोड्याच वेळात वाट दिसेनाशी झाली. मित्राने शिटी खिशात ठेवली आणि काकांच्या फोनवरून लालबागला सांगितले, "आजी, सगळे परत आलो."

स्वाध्याय

१. मुलांची पहिली आखणी कोठे चुकली होती?
२. दशमीस भरती किती वाजता येईल, ते जुन्या हिशेबाने काढा. त्या दिवशीची ओहोटी केव्हा असेल?
३. उधाण व भांग यांतील फरक आपल्या शब्दांत सांगा.
४. आजींच्या प्रश्नाचे उत्तर कागदावर का नव्हते?
५. वाक्यात उपयोग करा: ओढ लागणे, आकाश कोसळणे, डोळे भरून येणे.